किती झोपा राहिल्या?

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला, अंगणातील किल्ल्यावरचे मावळे पुन्हा आपापल्या खोक्यांत विसावले आणि निफाडच्या द्राक्षमळ्यांवरून उतरणारी थंडी गोदाकाठी मुक्कामाला आली, की नाशिकच्या मेनरोडवरील दुकानांतून घड्यांचे कागदी तारे लोंबू लागतात, शरणपूर रोडवरच्या तिबेटी मार्केटात लोकरी कपड्यांसाठी झुंबड उडते, आणि ज्या घरांत नाताळ हा सण आहे व त्या सणाची वाट पाहणारी तीन ते आठ वर्षांची मुले आहेत, त्या घरांतून मुलांच्या अंगी एक प्रकारचे भरते येऊ लागते. आरंभी हे भरते मोठे मनोहर दिसते. मूल गाणी गुणगुणत उठते, आल्यागेल्याला आपल्या नव्या कपड्यांचा रंग सांगते, रस्त्याने जाताना प्रत्येक खिडकीतला तारा मोजते. परंतु डिसेंबरचा मध्य उलटतो न उलटतो तोच त्याचे रूप पालटते. जेवणाचे ताट तसेच पडून राहते, रात्रीचे अकरा वाजले तरी डोळ्याला डोळा लागत नाही, भावंडांची जुंपते, क्षुल्लक कारणावरून रडण्याचे कढ येतात, आणि आदल्या आठवड्यात ज्या लेकराचे कौतुक करताना आईची जीभ थकत नव्हती त्याच्याच पाठीत तिच्या हातून धपाटा बसतो.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा नाताळाला दोन महिन्यांच्या आतबाहेरची मुदत उरलेली असेल, आणि ज्या बंदोबस्ताविषयी मी लिहिणार आहे त्याची तजवीज करावयास तेवढी मुदत पुरेशी आहे. विषय केवळ ख्रिस्ती घरांचा राहिलेला नाही, हेही येथेच नमूद करावयास हवे. कॉलेज रोड व गंगापूर रोडच्या बाजूस ज्या बालवाड्या निघाल्या आहेत, तेथे देशपांडे, आहेर, पगारे आणि शेख अशा सर्व आडनावांची मुले डिसेंबरात तांबड्या टोप्या घालून घरी येतात आणि सांताक्लॉज आपल्याकडे कोणत्या वाटेने येणार याचा खुलासा आजोबांकडे मागतात. आजोबांनी आयुष्यभर दिवाळीच्या किल्ल्याची माती चाळलेली असते. या नव्या प्रकरणाचे दप्तर त्यांच्यापाशी नसते.

नाताळ मात्र नाशिकला कालपरवा आलेला नाही. चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ साली येथे ठाणे घातले आणि १८५४ च्या सुमारास शहराबाहेर पश्चिमेस शरणपूर ही वसाहत वसवली. धर्मांतरामुळे घरादाराला पारख्या झालेल्या कुटुंबांना तेथे आसरा मिळाला, आणि अरबी गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवून आणलेल्या आफ्रिकी गुलाम मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची व्यवस्थाही पुढे तेथेच झाली. याच नाशिकच्या शाळेत वाढलेला जेकब वेनराइट हा १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीसोबत उभा होता, ही गोष्ट शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या नाशिककरांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. १९२९ साली नाशिकला अँग्लिकन पंथाचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. कॅथलिकांचा धर्मप्रांत १९८७ साली पुण्यापासून वेगळा निघाला आणि नाशिकरोडचे संत अण्णा महामंदिर हे त्याचे मुख्य देऊळ ठरले. लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर येथून जवळच्या जलालपूरचे, आणि त्यांचा देह १९३६ साली पडला तोही नाशिकातच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी रचलेली पदे ‘उपासना संगीता’तून आजही मराठी देवळांत म्हटली जातात. अशा गावातील नाताळ स्वयंपाकघरात शिरला तो करंजी, शंकरपाळे आणि अनारशांच्या रूपाने शिरला, आणि मुलांना आवरण्याचे जे उपाय त्याने जुन्या पिढीत रूढ केले तेही अस्सल मराठी घराचेच उपाय होते.

मुलाला आनंद फार झाला म्हणून ते बिघडते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि त्या समजुतीतूनच ‘फार उड्या मारू नकोस, मग रडशील’ हे आज्यांचे ठरलेले वाक्य निघते. माझे मत काहीसे निराळे आहे. मूल बिघडते ते आनंदाच्या आधिक्याने नव्हे. ज्या प्रतीक्षेला माप नाही आणि हाताला काम नाही, अशी रिकामी प्रतीक्षा त्याच्यावर लादली जाते, तेव्हा ते बिघडते.

या मताला पुरावा मुलांच्या जगातून देण्यापूर्वी एक प्रौढांचा देतो, कारण तो आपल्या देवळालीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या सोल्जरांना स्वदेशी धाडण्यापूर्वी देवळालीच्या छावणीत आणून ठेवीत. सैन्य नेणारी जहाजे बहुधा हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. त्यामुळे ज्याची मुदत ऐन उन्हाळ्यात संपे त्याला घरी जाण्याचा हुकूम मिळूनही महिनेच्या महिने येथे बसून राहावे लागे. कवायत नाही, शस्त्रे काढून घेतलेली, काम असे काहीच नाही. केवळ घर डोळ्यांसमोर आणि जहाज बेपत्ता. अशा स्थितीत भल्याभल्या शिपायांची डोकी फिरली, दारूचा अंमल चढला, मारामाऱ्या झाल्या, आणि इंग्रजांनी डोके फिरलेल्या माणसाला आपल्या या गावाचेच नाव देऊन टाकले. रणांगणावर न डगमगलेला माणूस जेथे रिकाम्या प्रतीक्षेपुढे टिकला नाही, तेथे साडेचार वर्षांच्या मुलाने शांतपणे पंचवीस तारखेची वाट पाहावी, ही अपेक्षा आपण कोणत्या न्यायाने करतो?

त्यातही शिपायाला महिना म्हणजे काय हे कळत होते. लहान मुलाला ते कळत नाही. पाच-सहा वर्षांपर्यंत काळाचे अंतर ही गोष्ट मुलाच्या आकलनात नीटशी बसलेली नसते. ‘पुढच्या बुधवारी’ आणि ‘पुढच्या वर्षी’ यांतील फरक त्याला शब्दाने पाठ असला तरी मनाने उमगत नाही. म्हणून ते आपले स्वतःचे परिमाण काढते. नाशिकरोडला जेल रोडवरील एका घरात पाच वर्षांची मुलगी रोज सकाळी उठल्याबरोबर आजीला विचारीत असे, “किती झोपा राहिल्या?” आणि आजी, जराही न कंटाळता, बोटे उघडून दाखवीत असे. पंचांगापेक्षा हे परिमाण मला अधिक प्रामाणिक वाटते. त्याच घरातील सून मात्र घाईच्या वेळी ‘आता लवकरच’ असे मोघम उत्तर देई, आणि ज्या दिवशी उत्तर मोघम मिळे त्या दिवशी तो प्रश्न संध्याकाळपर्यंत तीस वेळा पुन्हा येई, असे आजींनी मला, सून आत असताना, हळू आवाजात सांगितले.

ही कटकट नवीन नाही. जर्मनीत हॅम्बुर्ग शहराजवळ योहान हिन्रिख विखर्न नावाच्या धर्मोपदेशकाने १८३३ साली अनाथ व उनाड मुलांसाठी एक आश्रम काढला होता. तेथील मुले डिसेंबर लागला की ‘नाताळ आला का, नाताळ आला का’ म्हणून त्याला भंडावून सोडीत. १८३९ साली त्याने गाडीचे एक जुने चाक घेतले, त्यावर नाताळापूर्वीच्या आगमनकाळातील चार रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान तांबड्या मेणबत्त्या बसवल्या, ते चाक दिवाणखान्यात टांगले आणि रोज एक मेणबत्ती पेटवण्याचा शिरस्ता सुरू केला. किती गेले आणि किती उरले हे मुलांना आता डोळ्यांनी दिसू लागले. आज चर्चमधून हिरव्या पानांचे व चार मेणबत्त्यांचे जे कडे दिसते त्याचे मूळ या युक्तीत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकमध्ये छापील दिनदर्शिका निघाल्या, ज्यांत रोज एक चित्र पाहावयाचे असे, त्याही याच जातीच्या. आता त्या दिनदर्शिकांच्या खणाखणांतून चॉकलेटे घालून येतात आणि आपल्याकडच्या मॉलांतूनही दिसतात. पण मोजणीचा उपाय होता त्याचा त्यामुळे रोजचा खुराक झाला आहे, आणि मूल झोपा मोजण्याऐवजी चॉकलेटे मोजते.

आपल्याकडचा उपाय मला या दोहोंहून सरस वाटतो. वसई, गोवा आणि त्यांच्या आप्तसंबंधांतून नाशिकच्याही काही कॅथलिक घरांत, नाताळाच्या दहा-पंधरा दिवस आधी पसरट भांड्यात किंवा फुटक्या कुंडीत गहू वा नाचणी पेरतात. नाताळगोठ्याभोवती जे हिरवे शेत लागते ते या रोपांचे. ज्या हिंदू वाचकाने घटस्थापनेला मातीत धान्य घातले आहे, किंवा किल्ल्याच्या उतारावर अळीव पेरून सकाळ-संध्याकाळ त्यावर हाताने पाणी शिंपडले आहे, त्याला अधिक सांगावयास नको. पहिल्या दोन दिवसांत काहीच दिसत नाही, आणि हे ‘काहीच न दिसणे’ मुलाला मोठे शिक्षण देते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाणा फुटतो, मग पोपटी टोक वर येते, मग रोज सकाळी बोटाने उंची मोजण्याचा खटाटोप सुरू होतो. पाणी जास्त घातले तर धान्य कुजते, ओढून पाहिले तर मरते. घाई केल्याने नुकसान होते हे मुलाला कोणी व्याख्यान देऊन सांगावे लागत नाही. जेल रोडच्या ज्या आजींचा उल्लेख वर आला त्यांच्या नातवाने गेल्या वर्षी एका रात्री कुंडीत अर्धी बादली ओतली होती. आजींनी त्याला रागावण्याच्या भानगडीत न पडता दुसऱ्या कुंडीत नव्याने गहू पेरून दिले, आणि त्यांच्या गोठ्याभोवतीचे एक शेत बोटभर आणि दुसरे वीतभर असे राहिले. एक बागायत, एक जिरायत, असे त्या म्हणाल्या.

दिवाळी आणि नाताळ यांच्या रचनेत एक भेद आहे, आणि बालमनाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. दिवाळी पायऱ्या-पायऱ्यांनी येते. वसुबारस, धनत्रयोदशी, नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, असा प्रत्येक दिवस मुलाच्या उत्सुकतेचा थोडा-थोडा चुकारा करीत जातो. फटाके आज थोडे, उद्या थोडे, ओवाळणी परवा. नाताळाचे सारे ओझे एका रात्रीवर आणि तिच्यामागच्या एका दिवसावर पडते. महिनाभर साचलेले सर्व काही चोवीस तारखेच्या संध्याकाळपासून पंचवीसच्या दुपारपर्यंत मोकळे व्हावयाचे, आणि ते होताना काचा फुटल्याखेरीज राहत नाहीत. चर्चने आगमनकाळाचे चार रविवार ठेवले, युरोपात ६ डिसेंबरला संत निकोलसचा दिवस पाळला जाऊ लागला, नाताळानंतर ६ जानेवारीपर्यंत सण लांबवला गेला, यामागे धर्मशास्त्राची कारणे असतील ती असोत; परंतु लहान मुले असलेल्या घरांची सोय त्यात साधली गेली हे निश्चित. जुन्या नाशिककर ख्रिस्ती कुटुंबांत कोणत्या दिवशी काय करावयाचे याचा जो अलिखित नियम होता तो या पायऱ्यांसारखाच होता. तारा अमुक शनिवारी टांगावयाचा, त्याआधी नाही. शंकरपाळे पहिल्यांदा, कारण ते टिकतात. करंज्या शेवटच्या आठवड्यात. नवे कपडे शिंप्याकडून आले तरी कपाटात कुलपाखाली. आता ऑनलाइन मागवलेले झाड नोव्हेंबरातच दिवाणखान्यात दिवे लुकलुकवीत उभे राहते आणि बिचाऱ्या मुलाने दीड महिना त्या दिव्यांखाली संयमाने राहावे अशी वडीलधाऱ्यांची अपेक्षा असते.

गेल्या डिसेंबरात शरणपूर परिसरातील एका सभागृहात रविवारच्या शाळेची येशूजन्माच्या नाटिकेची रंगीत तालीम चालली होती, ती पाहण्याचा योग आला. मेंढपाळांच्या काठ्या म्हणजे उसाची कांडकी होती, आणि तालमीच्या मध्यास त्यांपैकी दोन मेंढपाळांनी खाऊन संपवली होती. देवदूतांना पुठ्ठ्यावर चंदेरी कागद चिकटवलेले पंख होते. पाठीवर पंख लागताच त्या मुलींच्या अंगात वारे शिरले आणि त्या सभागृहाला प्रदक्षिणा घालू लागल्या. मेंढीचे काम करणारे तीन वर्षांचे पोर गव्हाणीत स्वतःच जाऊन झोपले होते व तेथून उठण्यास साफ नकार देत होते. तीन ज्ञानी पुरुषांपैकी एकाच्या हातातील सोन्याच्या पेटीवरून वाद निघाला, हातघाईवर आला, आणि मग एकाने सुरू केलेले रडणे पाहता पाहता सर्वांना लागले. पालक बाकांवरून ‘गप्प बस’, ‘हळू’, ‘शिस्तीत’ असे ओरडत होते, आणि त्यांच्या ओरडण्याने एकूण आवाजात भर पडण्याखेरीज दुसरे काही होत नव्हते.

तालीम घेणाऱ्या बाई बालवाडीत आयुष्य घालवलेल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. सभागृहातील अर्धे दिवे मालवले, सर्वांना जेथल्या तेथे खाली बसवले, आणि स्वतः दूरच्या दारापाशी जाऊन अगदी कुजबुजत्या स्वरात एकेका मुलाचे नाव घेऊ लागल्या. ज्याचे नाव ऐकू येईल त्याने पावलांचा आवाज न करता त्यांच्याकडे जावयाचे. आपले नाव हुकेल या भीतीने प्रत्येक मूल कान टवकारून बसले; पाच-सात मिनिटांत त्या जागेत पंखांच्या कागदाची सळसळ तेवढी उरली. हा ‘शांततेचा खेळ’ मारिया मॉंटेसरींचा. १९३९ ते १९४६ या काळात त्या हिंदुस्थानात राहून शिक्षक तयार करीत होत्या, आणि ताराबाई मोडकांनी बोर्डीच्या व पुढे कोसबाडच्या बालवाड्यांतून महाराष्ट्राला त्या विचाराची आपल्या मातीतली ओळख करून दिली. खेळाचे मर्म असे, की शांत राहणे ही येथे शिक्षा राहत नाही, ती एक करामत होते. मुलांना करामती आवडतात. बाकांवरच्या पालकांपैकी मात्र एकानेही हा खेळ घरी नेला असेल असे मला वाटत नाही. बाहेर पडताना पायऱ्यांवर पुन्हा तेच ‘गप्प बस’ सुरू झाले होते.

त्या पायऱ्यांवरच एका आईने सगळा दोष केकला आणि चॉकलेटला दिला. साखर पोटात गेली की पोरे उधळतात, हा समज आता नाशिकपासून न्यूयॉर्कपर्यंत सारखाच पसरला आहे. साखरेने दात किडतात आणि भूक मरते हे खरे. पण ती मुलांना उधळवते हे मात्र परीक्षेस उतरलेले नाही. १९९५ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात अशा अनेक नियंत्रित प्रयोगांचा एकत्र आढावा आला, आणि साखरेने मुलांच्या वर्तनात फरक पडल्याचे त्यात दिसले नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग तर आईबापांनाच आरसा दाखवणारा आहे. सर्व मुलांना साखरविरहित पेय दिले, पण काही मातांना ‘तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे’ असे सांगितले. त्या मातांना आपली मुले अधिक दंगेखोर भासली, आणि त्यांनी मुलांवर टीकाही अधिक केली. सणाच्या दिवसांत केक खाल्ला जातो तो पाहुण्यांच्या गर्दीत, जागरणात आणि आवाजात. गुन्हेगार गर्दीत उभा असतो आणि फिर्याद केकवर दाखल होते.

प्रतीक्षेच्या शक्तीविषयी जो प्रयोग सर्वत्र सांगितला जातो तो स्टॅनफर्डच्या वॉल्टर मिशेल यांचा. एक मिठाई आत्ता, की थोडे थांबून दोन, असा प्रश्न त्यांनी बालवाडीतील मुलांपुढे ठेवला. थांबणारी मुले पुढे आयुष्यात यशस्वी होतात, हा त्यातून काढलेला निष्कर्ष पुढील संशोधनात बराच पातळ ठरला, आणि तो पातळ ठरला याचा मला आनंदच आहे. पण १९७२ च्या त्यांच्या लेखातील एक साधे निरीक्षण टिकून आहे. ज्या मुलांना दुसऱ्या कसल्यातरी गमतीचा विचार करावयास सुचवले ती पुष्कळ वेळ थांबू शकली, आणि ज्यांना मिठाईचाच विचार करावयास सांगितले त्यांचा धीर लवकर सुटला. नाताळाआधी आपण नेमके उलट करतो. ‘सांता काय आणणार?’ हा प्रश्न शेजारी, मामा, शाळेतल्या बाई, रिक्षावाले काका असे सगळे मिळून दिवसाकाठी दहा वेळा विचारतात.

याहून माझ्या कामाचा प्रयोग रॉचेस्टर विद्यापीठातला, २०१३ सालचा. मिठाई मांडण्यापूर्वी मुलांना चित्रे रंगवण्यासाठी अधिक चांगले साहित्य आणून देण्याचे वचन दिले. काहींच्या बाबतीत ते पाळले, काहींच्या बाबतीत ‘संपले बघ’ म्हणून मोडले. वचन पाळणाऱ्या माणसापुढे मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. वचन मोडणाऱ्यापुढे तीन. मुलाच्या धीरात मुलाचा वाटा किती आणि आपल्या शब्दाच्या पतीचा किती, याचा हिशेब यापेक्षा स्पष्ट कोणी मांडलेला मला ठाऊक नाही. आणि म्हणूनच डिसेंबरात घरोघरी जी धमकी वापरली जाते, ‘असा वागलास तर सांता येणार नाही’, ती मला सर्वांत घातक वाटते. ती खोटी आहे हे देणाऱ्याला ठाऊक असते. भेट आधीच कपाटावर आणून ठेवलेली असते. मूल आठवडाभर तिच्या दहशतीत राहते, त्याचे चाळे वाढतात, आणि पंचवीसच्या सकाळी भेट मिळते तेव्हा पुढच्या वर्षाकरिता त्या शब्दाची किंमत शून्यावर आलेली असते. ज्या संत निकोलसाच्या नावाने हे चालते तो आख्यायिकेप्रमाणे रात्री गुपचूप, मागितल्यावाचून आणि कोणाचे वर्तन तपासल्यावाचून मदत टाकून जाणारा बिशप होता. त्याला फौजदार आपण केले.

मग करावयाचे काय? जेल रोडच्या आजींच्या घरी मी एक दुपार बसलो होतो. त्यांचे यजमान नाशिकरोडच्या छापखान्यात नोकरीला होते, तेव्हा क्वार्टर्समध्ये चार बिऱ्हाडांच्या करंज्या एकत्र होत. आता एकाच घराच्या होतात, परंतु कामांची वाटणी जुन्या कायद्यानेच चालते. तीन वर्षांच्या धाकट्याला कणकेचा गोळा देऊन वेगळ्या पाटावर बसवलेले. तो जे लाटील तेही तळले जाते आणि ज्याने लाटले त्यालाच ते खावे लागते. पाच वर्षांच्या मुलीकडे करंजीची कड कापण्याची फिरकी. ती जीभ दातांत धरून फिरकी चालवीत होती, कड वाकडी जात होती, आणि पोटातले सारण वाकड्या वाटेने बाहेर डोकावत होते. आजी तशी करंजी हळूच पुन्हा मिटवीत, पण फिरकी हातातून काढून घेत नसत. आठ वर्षांच्या मुलाकडे ताऱ्याचे काम. बांबूच्या कामट्या बापाने तासून दिलेल्या, सुतळीने बांधणे मुलाचे, जिलेटीनचा कागद कणकेच्या खळीने चिकटवणे दोघांचे. खळ केसांना लागली होती. तासाभरात घरात गोंगाट पुष्कळ झाला, रडणे एकदाही झाले नाही. आजींनी मला सांगितले ते असे: “रिकामं पोर सणाची वाट बघतं. कामातलं पोर सणाला म्हणतं, थांब जरा, माझा तारा व्हायचाय.”

अर्थात प्रत्येक घरी आजी नाहीत, आणि ज्या घरी आईबाप दोघेही अंबड-सातपूरच्या पाळ्या करून येतात तेथे करंज्यांचा घाणा घालणे हा काही उपाय सांगण्याजोगा नाही. अशा घरांसाठी बेकरीची वाट आहे. रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर घेऊन भट्टीवर जावे, नानकटाई भाजून घ्यावी, पत्र्याच्या डब्यात भरून आणावी. मुलाला रांगेत उभे करावे, डब्यावरची नावाची चिठ्ठी त्याच्याकडून लिहवून घ्यावी. पाऊण तासाच्या त्या रांगेत भट्टीचा ऊबदार वास घेत उभे राहिलेले मूल जे शिकते ते तयार पाकिटातून मिळत नाही. काम लहान असले तरी चालेल. पण ते खरे असावे. मुलाला गुंतवण्यासाठी काढलेले खोटे काम ते तत्काळ ओळखते.

झोपेचा प्रश्न राहिला, आणि तो मी अधिक लांबवीत नाही. अमेरिकेतील निद्रावैद्यकांच्या २०१६ च्या शिफारशीप्रमाणे तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाच्या डुलकीसह दहा ते तेरा तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी. डिसेंबरात नाशिकच्या मुलाला ती मिळत नाही, कारण या एकाच महिन्यात शाळांची स्नेहसंमेलने, क्रीडामहोत्सव आणि लग्नसराई यांची गर्दी उसळते, आणि त्यातच रात्री उशिरापर्यंत घरोघर फिरणारी कॅरोलची टोळी येते. शासनाच्या शिरस्त्याप्रमाणे दिवाळीची वा उन्हाळ्याची सुट्टी कापून, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने, ती नाताळाकडे वळवण्याची मुभा शाळांना असते, वर्षाच्या एकूण सुट्ट्या ७६ दिवसांपलीकडे जाऊ नयेत इतकीच अट. ज्या शाळा ही मुभा घेतात त्यांची मुले निदान सकाळी उशिरा उठू शकतात; इतरांना चोवीस तारखेलाही सातची बस असते. मध्यरात्रीच्या मिस्सेला मुलाला नेऊ नये असे मी म्हणणार नाही. थंडीत शालीत गुरफटून बापाच्या खांद्यावरून पाहिलेला तो उजेड कोणी हिरावून घेऊ नये. मात्र त्या दुपारी मुलाला अंधाऱ्या खोलीत दोन तास निजवावे, संध्याकाळी पाहुण्यांना बोलावू नये, आणि जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीचेच, वरणभाताचे द्यावे.

पंचवीस तारखेची संध्याकाळ ही सर्वांत कठीण. भेटी उघडून झालेल्या असतात, खेळण्याचे एक चाक निखळलेले असते, आणि महिनाभर ज्याची वाट पाहिली ते संपले हे मुलाला कोणी न सांगताही कळते. या वेळी होणाऱ्या रडण्याला पुष्कळ आईबाप कृतघ्नता म्हणतात. मला तसे वाटत नाही. उतार चढाइतकाच खरा असतो, आणि त्यासाठीही काम राखून ठेवावे लागते. जुन्या घरांत ते राखलेले असे, आणि ते म्हणजे शेजाऱ्यांची ताटे. दिवाळीत ज्या ज्या घरांतून फराळ आलेला असतो त्या त्या घरी क्रोशाच्या रुमालाखाली करंज्या, शंकरपाळे आणि केकचा तुकडा पाठवावयाचा, आणि पोहोचवणारे हात मुलांचे. प्रत्येक दारात चौकशी होते, कौतुक होते, ‘ही वाकडी कोणी केली?’ असे विचारले जाते आणि त्याला ऐटीत उत्तर दिले जाते. रिकामे ताट परत पाठवू नये म्हणून त्यात साखर किंवा द्राक्षांचे दोन घड ठेवले जातात. जेल रोडच्या आजी हे ताटांचे काम सव्वीस तारखेपासून वर्षअखेरीपर्यंत पुरवून पुरवून वापरतात, दिवसाला दोन घरे याप्रमाणे. सहा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने ताट देऊ नये, असा त्यांचा नियम आहे. त्यांच्या इमारतीला तीन मजले आहेत, आणि खालून सात करंज्या निघाल्या तर वरच्या मजल्यावर पाच पोहोचतात.